जुन्या लुगड्याची वावडी

एकत्र कुटुंबातील जुन्या वस्त्रांचा मार्ग एके काळी ठरलेला असे. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याचा धड भाग परकर-पोलक्यास किंवा तान्ह्या मुलाच्या दुपट्यास लागे, उरलेला गोधडीत जाई, आणि गोधडीलाही जे नको ते हातपुसणे व शेवटी पोतेरे होऊन संपे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हा मार्ग मध्येच तुटला. सोलापुरी चादर आणि बाजारची रजई घरोघर आली, सुई धरणारे हात कमी झाले, आणि पेटी भरली की बोहारीण दारी येऊन लुगड्यांच्या गठ्ठ्यावर एक पातेले देऊन निघून जाऊ लागली. व्यवहार म्हणून त्यात काही वावगे नाही. तथापि ज्या लुगड्याच्या पदराआड आपण लहानपणी लपलो ते पातेल्याच्या भावाने मोजताना पुष्कळांचा हात अडखळतो. मग ते वापरले जात नाही आणि दिलेही जात नाही. पेटीच्या तळाशी घडीवर चिरत पडते. अशा वस्त्राचा एक उपयोग वाचकांस सुचवावयाचा आहे. त्याची वावडी शिवावी.

वावडी म्हणजे मोठा, शेपटाचा पतंग. हा आपला जुना शब्द आता बहुधा ‘वावड्या उठविणे’ एवढ्यापुरताच उरला आहे. पतंग या शब्दाची गोष्ट याहून गमतीची. अमरकोशात त्याचे अर्थ पक्षी आणि सूर्य असे दिले आहेत. दिव्यावर झेप घेणारा किडा हाही अर्थ संस्कृतात रूढ आहे. दोरीने बांधलेला पतंग मात्र त्या अर्थांत नाही. मराठीने पाहुण्या वस्तूला पक्ष्याचे नाव दिले, आणि ते शोभलेही.

कापडाचा पतंग ही नवलाची कल्पना नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ साली विजेच्या प्रयोगासाठी जो पतंग सुचविला तो कागदाचा नव्हता. देवदाराच्या दोन हलक्या पट्ट्यांची फुली करून तिच्या चार टोकांस मोठ्या रेशमी रुमालाचे चार कोपरे बांधावयाचे, अशी त्याची रचना होती, आणि रेशीम का, तर वादळाचा वारा व पाऊस यांत ते कागदासारखे फाटत नाही म्हणून. (हा प्रयोग कोणीही करून पाहू नये, हे सांगावयास नको.) आमच्या सोवळ्यातील जुना कद म्हणजे तरी दुसरे काय? मात्र आपल्याकडे पतंग म्हटला की कागदच डोळ्यांपुढे येतो. येवल्यास पैठणी विणली जाते, आणि भोगी, संक्रांत व कर असे तीन दिवस सारा गाव गच्चीवर आसारी घेऊन उभा असतो. पण वर जातो तो पतंग कागदाचाच.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला तर कापडाचा विसर पडू नये. जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर, असे विद्वानांनी ठरविले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे की, तगरातून साधे कापड पुष्कळ आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांवरून भडोच बंदराकडे जात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहावयास मिळतात. मलमल अर्थातच काळाने खाल्ली. त्याच तेरचे गोरोबाकाका. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांस कच्चे मडके ठरविले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. पुढे याच नामदेवांचे एक पद शिखांच्या ग्रंथसाहेबात रामकली रागात समाविष्ट झाले. त्यात एक मुलगा कागद आणून, कापून, पतंग करून आकाशात सोडतो. पाचजणांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवरून ढळू देत नाही. नामदेव शिंपी कुळातले, आणि दृष्टांतातला पतंग मात्र कागदाचा! तेवढी एक जागा आपण भरून काढावी, असे मला वाटते.

आता शिवणीकडे वळू. गोधडी व वावडी या दोघीही चिंध्यांच्याच मुली, पण स्वभाव विरुद्ध. गोधडीत ठिगळावर ठिगळ चढते, थर वाढतो आणि त्या जडपणातच तिची ऊब असते. वावडीत एकेरी कापडाखाली दुसरे अस्तर चालत नाही. गोधडीची डावी बाजू उजवीहून जड झाली तर झोपणाऱ्यास काय त्याचे? वावडीची झाली तर ती त्या अंगावर कलंडून गोते खाते. म्हणून ज्यांना वाकळ शिवता येते त्यांना हे काम सोपे जाईल हे खरे असले, तरी हात जरा आवरावा लागेल.

पहिला प्रश्न कापडाचा. विरळ विणीतून वारा निसटतो, दाट व जाड कापड जड होते. हवे ते पातळ आणि घट्ट. जुने तलम धोतर, मलमलीचे उपरणे, रेशमी कद किंवा मुकटा ही उत्तम. खणाचे कापड, पैठणी आणि जरीचा काठ जड, ते मधल्या अंगाला नकोत. सुती मलमल असेल तर भाताच्या पातळ पेजेत बुडवून, सावलीत वाळवून इस्त्री करावी. खळीने विणीतील छिद्रे बुजतात. पावसाळ्यात उडवावयाची असेल तर मात्र खळ निरुपयोगी, ती ओलाव्याने ढिली होते व बुरशी धरते. त्यासाठी मोडक्या छत्रीच्या कापडाची तोड नाही. काड्या मोडल्या तरी छत्रीचे कापड शाबूत असते, ते पाणी धरीत नाही आणि त्यातून वाराही सहसा जात नाही. शिक्षकाच्या घरी मोडक्या छत्र्यांना तोटा नसतो.

आमच्या घरी या पहिल्या प्रश्नावरच अडले. आईची दोन लुगडी पेटीत होती. थोरल्या वहिनींनी स्पष्ट सांगितले, “सासूबाईंचे लुगडे अंगावर घ्यायचे असते, हवेत सोडायचे नसते. गोधडी झाली तर वीस वर्षे पुरेल. तुमची वावडी बाभळीत अडकली की झाले.” त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. वस्त्र कोणाचे आणि ते कापण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न एकत्र कुटुंबात क्षुल्लक नसतो. तो कात्री लावण्यापूर्वीच सोडवावा. आमच्याकडे असे ठरले की, लुगड्यांचा घट्ट भाग वहिनींनी गोधडीसाठी घ्यावा, आणि निऱ्यांच्या घड्यांवर जे विरले होते त्यातून निघतील तेवढीच ठिगळे वावडीस द्यावी. ती सात निघाली. बाकीची एकोणीस माझ्या धोतराची व दोन छत्र्यांची. पुढे सुताचा गुंता झाला तेव्हा तो सोडवावयास वहिनीच बसल्या, हेही सांगितले पाहिजे.

एकोणीस आणि सात मिळून सव्वीस. हा आकडा मापावरून आला. वावडीचा उभा दांडा ३६ इंच, आडवी काडीही ३६ इंच, आणि दोहोंची गाठ वरच्या टोकापासून ९ इंचांवर. अमेरिकेतील विल्यम एडी याने १८९० नंतरच्या दशकात मलायी पतंगावरून हा घाट रूढ केला, आणि १८९४ साली बोस्टनजवळच्या ब्लू हिल वेधशाळेत अशाच पतंगांच्या माळेने तापमापक यंत्र आकाशात चढविले होते. या घाटाचे क्षेत्रफळ बरोबर साडेचार चौरस फूट भरते. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून त्यावर हा आकार आखावा, मध्यरेषा काढावी, आणि मध्यरेषेपासून दोन्हीकडे सहा-सहा इंचांचे चौकोन पाडावे. एका अर्ध्या भागात मध्यरेषेलगतच्या ओळीत सहा, तिच्या बाहेरच्या ओळीत पाच आणि टोकाच्या ओळीत दोन चौकोन आकारास स्पर्श करतात, म्हणजे तेरा. दोन्ही मिळून सव्वीस. शिवणीसाठी सर्व बाजूंस अर्धा इंच सोडून प्रत्येक ठिगळ सात इंचांचे कापावे.

ठिगळे मांडताना घरातील मुलांना जमिनीवर पसरून बसवावे. रंगांची मांडणी हा त्यांचा भाग. नियम दोनच: डाव्या अंगास जे कापड, तेच उजव्या अंगास समोरासमोर, आणि प्रत्येक ठिगळाचा उभा धागा दांड्याशी समांतर. धागा तिरका धरला तर कापड वाऱ्याने ताणले जाऊन एका अंगास पोट सुटते.

आधी उभ्या ओळी शिवाव्या, मग ओळी एकमेकींस जोडून दोन अर्धी करावी, आणि शेवटी मध्यशिवण घालावी. शिवण दुमडीची हवी: एक टीप घातल्यावर एका ठिगळाची सोडलेली कड निम्मी कापावी, दुसरीची तिच्यावरून दुमडून चपटी बसवावी व पुन्हा टीप मारावी. गोधडीत सुटी कड दोन थरांत लपते, इथे ती वाऱ्यात फडफडून उसवत जाते. यंत्रावर शिवावयाचे तर टीप मोठी ठेवावी. बारीक टिपेने पातळ कापडास भोकांची रांग पडते आणि ते तिकिटासारखे तिथेच फाटते. हाताने शिवणाऱ्यांनी साधा धावदोरा न घालता उलटी टीप घालावी.

मग कागदी नमुना वर ठेवून आकाराबाहेरचे कापड कापून टाकावे. आता चारही कडा तिरक्या झाल्या, आणि तिरकी कड ही ताणणारी. तिला गोट लावावा, पण नेहमीच्या शिवणकामाप्रमाणे तिरप्या पट्टीचा नव्हे, सरळ धाग्याच्या पट्टीचा; ती ताणत नाही म्हणूनच. सुमारे तीन वार पट्टी लागते. गोटाच्या आत बारीक सुतळी घातली तर अधिक चांगले. चार कोपऱ्यांस काड्यांची टोके बसतील असे लहान खिसे करावे. इथे मात्र लुगड्याचा जाड काठ कामी येतो. घासण्याची जागा तीच.

काड्या बुरूडाकडून कळकाच्या चिरून आणाव्या. पाव इंच रुंद, त्याहून थोड्या कमी जाड, आणि कळकाची चकचकीत पाठ न तासलेली. आडवी काडी जरा बारीक असावी. ती बोटावर मध्यभागी तोलून जे अंग खाली जाईल ते काचेच्या तुकड्याने खरवडावे, कारण दोन्ही अंगे सारखी वाकली नाहीत तर पुढील सर्व शिवण फुकट. काड्यांची फुली सुताने आवळून बांधावी, कापड चढवावे आणि आडव्या काडीच्या दोन टोकांस मागील बाजूने दोरी बांधून तिला कमानीसारखा तीन-साडेतीन इंच बाक द्यावा. या बाकामुळे वावडी एका अंगास कलली तरी त्या अंगावर वारा अधिक बसून ती पुन्हा सावरते. सगळे मिळून वजन शंभर ग्रॅमच्या आत राहील असे पाहावे. स्वयंपाकघरातील ताजवा त्यास पुरे. शेवटी वावडी मध्यदांड्याच्या दोन टोकांवर धरून कोणता पंख खाली जातो ते पाहावे. जो वर राहील त्याच्या टोकास एक लहानसे जादा ठिगळ लावावे.

कणीची रीत सोपी आहे. फुलीच्या जागी कापडास छोटे ठिगळ लावून दोन भोके पाडावी व तिथे एक दोरा, आणि खालच्या टोकास दुसरा. वरचा दोरा १८ इंच, खालचा साडेबत्तीस. जिथे ते भेटतात तिथे गाठ. पडताळा असा की कणी बाजूस ओढली असता गाठ बरोबर पंखाच्या टोकावर यावी. वावडी डोके हलवीत गोल फिरू लागली तर गाठ किंचित खाली न्यावी असे लोक सांगतात. मी आधी शेपूट वाढवितो, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. शेपटाविषयी एक गैरसमज आहे, की ते वजनासाठी असते. शेपटाचे काम ओढीचे. दगड बांधण्यापेक्षा दोन बोटे रुंदीची, नऊ-दहा फूट लांब फडफडणारी चिंधी हजार पटीने बरी.

उडवावयाची केव्हा? सवयीने कोणीही संक्रांत म्हणेल. पण पौषात आमच्या माळावरचा वारा पुष्कळदा इतका मंद असतो की कागदी पतंग तरंगतो आणि कापडाची वावडी पाठीवर पडते. तिला आषाढ-श्रावणाचा पश्चिमेचा वारा हवा. बालाघाटच्या या पठारावर त्या दिवसांत वारा पुरेपूर येतो आणि, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे, पाऊस मधूनमधून चांगली उघडीप देतो. शेतकऱ्यास ती उघडीप नको असते; त्यामुळे वावडी उडवीत असताना शेजारच्या सोयाबीनकडे पाहून बोलणे जपून करावे लागते. फलटण-बारामतीकडे नागपंचमीस पतंग उडविण्याची चाल आहे, ती वाऱ्याच्या दृष्टीने फार शहाणपणाची म्हटली पाहिजे. मात्र नागपंचमीस आपल्याकडे कापणे-चिरणे वर्ज्य मानतात, कित्येक घरांत सुईही धरीत नाहीत. तेव्हा ज्यांना तो दिवस साधावयाचा आहे त्यांनी आषाढातच शिवण उरकावी.

झाडाची पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील तो वारा योग्य. त्याचा वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर धरतात. लहान झाडेच डोलू लागली तर वावडी घरी ठेवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते, हे मुलांना आधी सांगावे. मग त्यांच्याच हातात दोरी देऊन पटवावे. दोरी तिपेडी सुती, फिरकीवर गुंडाळलेली. हाताभोवती वेटोळे कधीच नाही. विजेच्या तारा जवळ असतील किंवा ढगांचा गडगडाट ऐकू येत असेल तर खेळ बंद. ओली दोरी वीज वाहून आणते.

आणि मांजा मुळीच नाही. वावडीवर मी एवढा भर देतो त्याचे एक कारण हेच आहे. काटाकाटीचा पतंग ज्या दोऱ्यावर जगतो तो आता पूर्वीचा राहिला नाही. नायलॉनचा मांजा तुटत नाही, कुजत नाही, झाडांत व तारांत वर्षभर लोंबत राहतो. पक्ष्यांचे पंख कापतो, आणि दर संक्रांतीस दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो, कारण काटण्याची हौस मुलांत आहे आणि ती हौस भागविणारे बापही आहेत. नुसते ‘मांजा नको’ म्हणून मुलगा ऐकत नाही, हे शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसास कोणी सांगावयास नको. पण ज्या पतंगावर त्याने स्वतः दोन रविवार सुई चालविली, आपल्या पणजीच्या लुगड्याचा तुकडा नेमका कुठे बसवावा यावरून बहिणीशी भांडण केले, तो पतंग दुसऱ्याच्या दोऱ्यावर घासावयास तो सहसा तयार होत नाही. त्याला तो परत हवा असतो.

बहिणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्या घरांत पतंग मुलांचा आणि फिरकी मुलींची, अशी वाटणी चालत आली आहे. भाऊ आकाशाकडे पाहतो, बहीण त्याच्या पाठीशी उभी राहून दोरा सोडते. धाराशिव लेण्यांच्या वाटेवरील माळावर आम्ही वावडी प्रथम नेली तेव्हा नातवाने सवयीने दोरी घेतली आणि नातीने सवयीने फिरकी. मी विचारले, “मध्यशिवण कोणी घातली?” ती नातीने घातली होती, नातवाची गोटाची एक बाजू. मग दोरी तिच्याकडे आली. वावडी दोनदा पडली, शेपूट वाढविले, तिसऱ्या खेपेस चढली आणि पाऊण तास राहिली. तेवढ्या वेळात नातवाने फिरकी सांभाळली, आणि ती कशी धरावी यावर त्याला बहिणीकडून बरेच ऐकावे लागले.

घरी आल्यावर वावडी ओली असो वा कोरडी, काड्या खिशांतून काढून कापड सावलीत पसरावे. शिवणी बोट फिरवून तपासाव्या. उसवलेले त्याच संध्याकाळी शिवावे, फाटलेल्या जागी ठिगळ लावावे आणि समोरच्या अंगासही तेवढेच लावावे. वाळल्यावर इस्त्री करून काड्यांभोवती गुंडाळावे व पेटीत कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवावे. खळीचे कापड असेल तर ठेवण्यापूर्वी धुऊन खळ काढून टाकावी, नाहीतर तिला कसर लागते.